हिशेबात काय धरलं, काय सोडलं?

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'संशोधनातली सैद्धांतिक आणि संगणकीय प्रारूपं'. मघाशी चहाच्या वेळी दोन मुली माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "मॅडम, आम्ही आर्ट्सच्या. आम्ही बसायचं की बाहेर थांबायचं?" मी म्हटलं, तुम्ही तर पहिल्या रांगेत बसा. कारण आज मी जी गोष्ट सांगणार आहे, ती गणितवाल्यांपेक्षा तुमच्या जास्त कामाची आहे. आणि तुमच्या घराशी, नोकरीशी, अगदी तुमच्या आडनावाशी तिचा संबंध आहे.

'प्रारूप' हा शब्द जड वाटतो, म्हणून मी आपलं 'मॉडेल'च म्हणते.

आमच्या मोहल्ल्यात एक बावर्ची चाचा आहेत. शाळा चौथीपर्यंत. लग्नाच्या जेवणाचं विचारायला कुणी गेलं की ते तीन प्रश्न विचारतात. माणसं किती? जेवण दुपारचं की रात्रीचं? पाहुणे गावाकडचे की शहरातले? एवढ्यावर ते तांदूळ किती, गोश्त किती, देगा किती ते सांगून टाकतात. नवरा काय करतो, मांडव कुठल्या रंगाचा, हे विचारत नाहीत. त्याचा भाताशी संबंध नाही, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणजे हजार गोष्टींतल्या तीनच त्यांनी हिशेबात धरल्या, बाकीच्या सोडल्या आणि त्या तिघींना एका नियमात बांधलं. मॉडेल म्हणजे एवढंच.

एकदा मात्र त्यांचा अंदाज साफ चुकला. जुलैतलं लग्न, धो धो पाऊस, निम्मे पाहुणे आलेच नाहीत. पाऊस त्यांच्या हिशेबात नव्हता. तेव्हापासून ते चौथा प्रश्न विचारतात, "लग्न कुठल्या महिन्यात?" मॉडेल चुकलं म्हणून त्यांनी हिशेब करणं सोडलं नाही, हिशेबात एक गोष्ट वाढवली.

जॉर्ज बॉक्स नावाचे सांख्यिकीतज्ज्ञ होते. त्यांचं म्हणणं असं की, मॉडेल सगळीच चुकीची असतात, पण त्यातली काही उपयोगी पडतात. आज आपण तीन-चार मॉडेलं पाहू. प्रत्येक ठिकाणी मी एकच प्रश्न विचारणार आहे. याने हिशेबात काय धरलं आणि काय सोडलं?

पहिलं उदाहरण मलेरियाचं. रोनाल्ड रॉस हे ब्रिटिश लष्करी डॉक्टर, जन्म आपल्याकडच्या अल्मोड्याचा. १८९७ साली सिकंदराबादला त्यांनी डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला. १९०२ साली त्यांना नोबेल मिळालं. मग रॉस म्हणू लागले, डास कमी करा, मलेरिया जाईल. लोक म्हणाले, सगळे डास मारणं कुणाला शक्य आहे? लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत डास हटवण्याचा प्रयोग झाला आणि तो फसला, असंच पुष्कळांनी ठरवलं.

रॉस यांनी याचं उत्तर समीकरणातून दिलं. मॉरिशस बेटावरच्या मलेरियाचा अहवाल लिहिताना त्यांनी हिशेब मांडला. एक आजारी माणूस, त्याला किती डास चावतात, त्यातले किती जगतात, किती पुन्हा दुसऱ्या माणसाला चावतात. हिशेबाअंती दिसलं की सगळे डास मारायची गरजच नाही. माणशी डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली की एका रुग्णामागे सरासरी एकाहून कमी नवा रुग्ण होतो आणि साथ आपोआप विझत जाते. अशी मर्यादा असते, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. रुग्ण दिसतात, डास दिसतात, मर्यादा दिसत नाही. ती मॉडेलमधून दिसली. 'अशक्य आहे, सोडून द्या' आणि 'इथपर्यंत केलं तरी पुरे' या दोन वाक्यांमध्ये किती जीव असतात, याचा विचार करा.

दुसरं उदाहरण आपल्या मुंबईचं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे वर्षानुवर्षं येत राहिला. १९०५ च्या डिसेंबरपासून १९०६ च्या जुलैपर्यंत दर आठवड्याला मुंबईत प्लेगने किती माणसं गेली, याचे आकडे सरकारने नोंदवले होते. वीसेक वर्षांनी, १९२७ साली, एडिंबरामधल्या दोघांनी ते आकडे हाती घेतले. एक अँडरसन मॅकेंड्रिक. ते भारतात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये काम करून गेलेले डॉक्टर. दुसरे विल्यम कर्मॅक, रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. डोळे गेल्यावर त्या माणसाने डोक्यात गणितं केली आणि साथीच्या अभ्यासाचा पाया घातला.

त्यांनी लोकांचे तीन गट केले. ज्यांना रोग होऊ शकतो ते, ज्यांना झाला आहे ते, आणि जे बरे झाले किंवा गेले ते. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात माणसं कशी सरकतात, याचा नियम मांडला. यातून एक वक्ररेषा निघाली. आधी चढ, मग शिखर, मग उतार. ती मुंबईच्या आकड्यांवर ठेवली, तर छान बसली. कोरोनाच्या काळात टीव्हीवर जे आलेख आपण रोज पाहत होतो, त्यांतल्या पुष्कळांचं मूळ या तीन गटांत आहे.

आता माझा प्रश्न. यांनी सोडलं काय? उंदीर सोडला! गाठीचा प्लेग माणसापासून माणसाला होत नाही. तो उंदरांवरच्या पिसवांमुळे होतो. त्या समीकरणात ना उंदीर आहे, ना पिसू, ना ऋतू. मुंबईत प्लेग दरवर्षी थंडीच्या अखेरीस चढायचा आणि पावसाळ्यापर्यंत उतरायचा, त्याचाही हिशेब त्यात नाही. तरी रेषा जुळली. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांना हे ठाऊक होतं. आपली गृहीतकं इथे काटेकोरपणे लागू होत नाहीत आणि हा ढोबळ अंदाज आहे, हे त्यांनी लेखातच नोंदवलं. पण पुढे अनेकांनी ती जुळलेली रेषाच उचलली, खालची सूचना विसरले.

यातला धडा असा की मॉडेल आकड्यांशी जुळलं म्हणजे कारण सापडलं, असं होत नाही. भात करपला तर गॅस मोठा होता असंच नाही, पाणीही कमी पडलं असेल. करपलेल्या भाताकडे पाहून दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. खरं कारण शोधायला आणखी काही तपासावं लागतं.

एकदा तीन गटांचं हे यंत्र तयार झाल्यावर ते दुसऱ्या शाखांमध्ये शिरलं. १९६४ साली डेली आणि केंडल या दोन गणितज्ञांनी ते अफवांना लावून पाहिलं. ज्यांनी अफवा ऐकली नाही ते, जे पसरवतायत ते, आणि जे थांबले ते. पण त्यांनी आंधळी नक्कल केली नाही. रोगी आपला आपण बरा होतो. अफवा पसरवणारा कधी थांबतो? जेव्हा तो उत्साहाने सांगायला जातो आणि समोरचा म्हणतो, "हे आम्हाला कधीच कळलंय." मग त्याची हौस जाते. एवढा एक नियम बदलला आणि उत्तर वेगळं आलं. गाव कितीही मोठं असो, अफवा मरते तेव्हा साधारण २० टक्के लोकांपर्यंत ती पोचलेलीच नसते.

आता तुम्ही मला सांगा, आपल्या व्हॉट्सअॅपच्या काळात हे मॉडेल चालेल का? त्यात गृहीत असं धरलं आहे की गावातला कुणीही कुणालाही सारख्याच शक्यतेने भेटतो. आपल्या ग्रुपांमध्ये असं होतं का? सोसायटीचा ग्रुप वेगळा, मशिदीचा वेगळा, शाखेचा वेगळा. एकाच शहराबद्दल दोन ग्रुपांत दोन उलट्या अफवा एकाच वेळी फिरतात आणि त्या समोरासमोर येतच नाहीत. शिवाय अफवा मुद्दाम कुणी सोडली, तिचा फायदा कुणाला, हा प्रश्नही त्या समीकरणात नाही. पत्रकारिता शिकणाऱ्यांनी, समाजशास्त्र शिकणाऱ्यांनी हे बदलून पाहायला हवं. गणितवाला एकटा हे करू शकणार नाही, कारण ग्रुपांत काय चालतं हे त्याला कुठे ठाऊक आहे?

इतिहासाच्या मुलांनाही सांगते. इब्न खलदून यांनी १३७७ साली 'मुकद्दिमा' लिहिला. टोळीतली एकजूट, ज्याला ते असबिया म्हणतात, तिच्या जोरावर राज्य उभं राहतं आणि ऐषारामात ती एकजूट विरली की राज्य पडतं, असा त्यांचा सिद्धांत. पीटर टर्चिन या संशोधकाने २००३ च्या पुस्तकात त्यातली कल्पना समीकरणात बसवली. समीकरणात बसवायचं म्हटलं की पळवाट उरत नाही. एकजूट किती वेगाने घटते? सरहद्दीवर जास्त असते की राजधानीत? हे सांगावंच लागतं, आणि सांगितलं की ते तपासता येतं. बरोबर निघो वा चूक, वाद पुढे सरकतो.

आता जे उदाहरण सांगणार आहे, ते आपल्या दारापर्यंत येतं.

काही वर्षांपूर्वी मी शहरात भाड्याने घर शोधत होते. एजंटशी फोनवर बोलणं झालं. माझं मराठी ऐकून तो खूश. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं, संध्याकाळी चावी घेऊन येतो म्हणाला. शेवटी विचारलं, "मॅडम, नाव?" मी नाव सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाला, "मॅडम, माझं काही नाही हो, सोसायटीला चालणार नाही." या सभागृहात किती जणांनी हे वाक्य ऐकलंय? हात वर नका करू, मला दिसतंय.

त्यानंतर एका चर्चेत एक गृहस्थ मला म्हणाले, "तुमच्या लोकांनाच वेगळं राहायला आवडतं. आणि हे गणिताने सिद्ध झालंय." त्यांचा रोख होता थॉमस शेलिंग यांच्या मॉडेलकडे. शेलिंग हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ, २००५ चे नोबेल विजेते. १९७१ साली त्यांनी ते मॉडेल सविस्तर मांडलं. तुम्ही ते घरी बुद्धिबळाच्या पटावर करू शकता. एक रुपयाची नाणी आणि दोन रुपयांची नाणी कशीही मिसळून मांडा, काही घरं रिकामी ठेवा. नियम असा की प्रत्येक नाण्याच्या भोवतालच्या शेजाऱ्यांपैकी निदान एक तृतीयांश आपल्यासारखे असले म्हणजे ते समाधानी. म्हणजे बहुसंख्य शेजारी वेगळे असले तरी त्याला चालतं. तेवढेही आपले नसले, तर ते उठून जवळच्या सोयीच्या रिकाम्या घरात जातं.

नाणी हलवत जा. एक हललं की मागच्या शेजाऱ्याचं समाधान बिघडतं, मग तो हलतो. थोड्या वेळात पट दुभंगतो. एका बाजूला एक रुपयेवाले, दुसऱ्या बाजूला दोनवाले. संगणकावर करून पाहिलं तर ३० टक्क्यांची मागणी असूनही शेवटी सरासरी शेजारी साधारण ७० टक्के आपल्यासारखे असतात. कुणाच्याही मनात द्वेष नाही, तरी वस्त्या वेगळ्या. माणसाच्या मनात काय आहे ते पाहून शहराचं चित्र ओळखता येत नाही, आणि शहराचं चित्र पाहून मनातलं ओळखता येत नाही. मला ही फार मोलाची गोष्ट वाटते. नुसतं 'सगळ्यांनी चांगलं वागा' म्हणून वस्त्या मिसळणार नाहीत, हेही त्यातून कळतं.

पण त्या गृहस्थांचं म्हणणं यातून सिद्ध होतं का? आपला प्रश्न विचारा. शेलिंग यांनी हिशेबात काय सोडलं? त्या पटावर एकाही नाण्याला 'तुला इथे जागा मिळणार नाही' असं कुणी म्हणत नाही. जे घर रिकामं, ते मिळतं. तिथे एजंट नाही, सोसायटी नाही, भाडं नाही, दंगल नाही. १९९२-९३ च्या मुंबईतल्या दंगलींनंतर कित्येक कुटुंबं मुंब्र्याला गेली. ती काही शेजाऱ्यांची टक्केवारी मोजून गेली नव्हती, जीव मुठीत धरून गेली होती. आणि शेलिंग प्रामाणिक होते. संघटित भेदभाव आणि आर्थिक फरक ही वेगळी कारणं असतात, आपण इथे फक्त वैयक्तिक पसंतीचा विचार करतो आहोत, हे त्यांनी स्वतः मांडलं आहे. सौम्य पसंतीसुद्धा वस्त्या वेगळ्या करायला पुरेशी आहे, एवढंच ते मॉडेल सांगतं. मुंबईत किंवा अहमदाबादेत तसंच घडलं, असं ते सांगत नाही. पुन्हा तोच करपलेला भात.

आता त्याच १९७१ सालची, त्याच नियतकालिकातली दुसरी गोष्ट ऐका. शेलिंग यांचा लेख आला त्याच्या आधीच्या अंकात जेम्स साकोडा यांचा लेख आला होता. तोही पटावरच्या सोंगट्यांचाच होता. साकोडा हे जपानी वंशाचे अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धात जपानशी लढाई सुरू झाल्यावर अमेरिकेने १९४२ पासून जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरांतून काढून काटेरी तारांच्या छावण्यांत ठेवलं. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. गुन्हा काही नाही, फक्त चेहरा आणि आडनाव. साकोडा तेव्हा बर्कलेचे विद्यार्थी. त्यांनाही टुली लेक आणि मग मिनिडोकाच्या छावणीत राहावं लागलं. तिथे त्यांनी काय केलं? वही काढली. विद्यापीठाच्या एका अभ्यासासाठी छावणीतल्या माणसांच्या नोंदी केल्या. कोण कुणाबरोबर बसतं, कुठले गट पडतात, कोण कुणापासून दूर सरकतं. त्यावर १९४९ साली पीएच.डी. मिळवली. पटाच्या मॉडेलची कल्पना त्या प्रबंधातली. पुढे त्यांनी ते संगणकावर चालवलं.

साकोडांनी हिशेबात काय धरलं पाहा. त्यांच्याकडे एक तक्ता आहे. पहिल्या गटाला स्वतःच्या माणसांबद्दल काय वाटतं? दुसऱ्या गटाबद्दल काय? दुसऱ्या गटाला स्वतःबद्दल आणि पहिल्याबद्दल काय? प्रत्येक रकान्यात ओढ, तटस्थता किंवा दुरावा भरता येतो. त्यामुळे तिथे एकतर्फी दुराव्यालाही जागा आहे. एक गट जवळ येऊ पाहतो, दुसरा लांब पळतो, हेही मांडता येतं. त्यांनी असंही चालवून पाहिलं की दोन्ही गटांना आपल्या माणसांची खास ओढ नाही, फक्त एकमेकांविषयी संशय आहे. तरीही वस्त्या वेगळ्या झाल्या. म्हणजे बाहेरून पाहणारा म्हणेल, 'यांना एकत्र राहायची हौस आहे.' प्रत्यक्षात हौस नाहीच, संशय आहे.

शेलिंग यांचं मॉडेल साधं होतं, हाताने करता येत होतं, ते जगभर गाजलं. साकोडा बराच काळ विस्मरणात गेले. पण मला वाटतं, जो माणूस स्वतः तारेच्या आत राहिला, त्यालाच सुचलं की दुराव्याचा रकाना वेगळा हवा. याला मी मॉडेल करणाऱ्याच्या अनुभवाची किंमत म्हणते. समीकरण सगळ्यांसाठी सारखं असतं, पण त्यात कोणता रकाना ठेवायचा हे कुणीतरी माणूस ठरवतो.

आणि जरा स्वतःकडेही पाहू या. त्या तक्त्यात आपलेही रकाने आहेत. घर बघताना, स्थळ बघताना आपण बिरादरी विचारतो की नाही? आपल्याच मोहल्ल्यात दुसऱ्या जमातीच्या माणसाला भाड्याने घर देताना आपली जीभ अडखळते की नाही? तो रकानाही खरा भरायला हवा. सोयीचे तेवढे रकाने भरले, तर आपण त्या गृहस्थांपेक्षा वेगळं काय केलं?

मग दोन कारणांपैकी कुठलं खरं, हे कळणार कसं? तिथे मॉडेल थांबतं आणि प्रयोग सुरू होतो. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, पात्रता सारखी, बदललं फक्त नाव. एक नाव उच्चवर्णीय हिंदू, एक दलित, एक मुस्लिम. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत होकारार्थी उत्तराच्या शक्यतेचं प्रमाण दलित नावाला साधारण दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला साधारण एक तृतीयांश निघालं. इथे 'त्यांनाच नको असेल' म्हणायला जागाच नाही, कारण अर्ज तर केलाच होता! थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांबद्दलही असंच तपासलं. तिथेही नाव आडवं आलं. मला एजंटच्या त्या एका वाक्याने जे कळलं होतं, तो माझा अनुभव होता. या अभ्यासाने त्याचा पुरावा झाला. अनुभवाला कुणी म्हणेल, 'तुमचा गैरसमज असेल.' पुराव्याला तसं म्हणता येत नाही.

शेवटचं उदाहरण संगणकाचं. आज मॉडेल फक्त संशोधन निबंधात राहत नाही. कर्ज कुणाला, मुलाखतीला कुणाला बोलवायचं, हे ठरवण्यात त्याचा हात असतो. अमेरिकेतल्या रुग्णालयांत एक प्रणाली वापरात होती. कुठल्या रुग्णांना जादा देखभाल द्यायची, हे ती सुचवायची. तिच्यात वंशाचा रकाना नव्हताच. म्हणजे वरवर पाहता निष्पक्ष. २०१९ साली झियाद ओबरमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासली. प्रणाली आजाराचा अंदाज उपचारांवरच्या खर्चावरून करत होती. पण कृष्णवर्णीय रुग्णांना मुळात उपचारच कमी मिळत होते, म्हणून त्यांच्यावरचा खर्च कमी. प्रणालीने काढलेला अर्थ, हे कमी आजारी आहेत. चूक दुरुस्त केली तर जादा देखभालीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जातं, असं त्यांना दिसलं. कुणी दुष्टपणा केला नव्हता. 'खर्च म्हणजे गरज' हे एक गृहीतक कुणी तपासलं नव्हतं, एवढंच.

आपल्याकडे हीच गोष्ट उद्या कर्जाच्या मॉडेलमध्ये होऊ शकते. पिनकोडवरून जोखीम ठरवली, तर धर्म विचारायची गरज काय? ज्या मोहल्ल्यात बँकेने आधी कर्जंच दिली नाहीत, तिथे परतफेडीच्या नोंदी कुठून येणार? आणि नोंदी नाहीत म्हणून पुन्हा कर्ज नाही.

म्हणून चार प्रश्न लिहून घ्या. कुठल्याही शाखेत, कुठलंही मॉडेल समोर आलं की ते विचारा. एक, यात काय धरलं आणि काय सोडलं? दोन, जे मोजलं ते खरंच हवं होतं ते आहे, की सोयीचं होतं म्हणून मोजलं? तीन, हेच उत्तर दुसऱ्या कारणानेही आलं असतं का? चार, हे चुकीचं ठरवायचं तर काय तपासावं लागेल? या प्रश्नांना समीकरण येणं लागत नाही. आर्ट्सच्या त्या दोन मुलींना आता मी का थांबवलं ते कळलं असेल.

पण नुसते प्रश्न विचारून थांबू नका. अल्गोरिदम हा शब्द बगदादच्या अल-ख्वारिझ्मींच्या नावावरून आला, हे आपण फार अभिमानाने सांगतो. सांगावं. पण अकराशे-बाराशे वर्षांपूर्वीच्या पुण्याईवर आज कुणाचं घर होत नाही. आपल्याबद्दल समित्या नेमल्या जातात, अहवाल निघतात, आकडे दुसरे मोजतात, मॉडेल दुसरे करतात. आपण फक्त त्या तक्त्यातला एक आकडा असतो. वही साकोडांच्या हातात होती, तशी ती आपल्याही हातात यायला हवी.

सुरुवात छोटी करा. नेटलोगो नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात शेलिंगचं मॉडेल तयारच आहे. त्यात एक बदल करा. काही घरांवर 'यांना नाही' अशी अट घाला आणि चित्र कसं बदलतं ते पाहा. संगणक नसेल तर बुद्धिबळाचा पट आणि खिशातली चिल्लर पुरे. वाणिज्य शाखेवाल्यांनी आपल्या मोहल्ल्यातल्या भिशीचा हिशेब मांडावा. किती सभासद चुकले की भिशी बुडते? रॉस यांच्यासारखी मर्यादा तिथेही सापडेल. इंजिनिअरिंगच्या मुलांनी समाजशास्त्राच्या मुलींना बरोबर घ्यावं. एकाला नियम लिहिता येईल, दुसरीला रकाने ठाऊक असतील.

आणि उत्तर आपल्याला आवडेल तसं आलं नाही, तर ते फाडू नका. आपल्याच समजुतीविरुद्ध आकडे गेले, तरी ते तसेच सगळ्यांसमोर ठेवा. तेवढा प्रामाणिकपणा आपण दाखवला, तरच उद्या दुसऱ्याच्या मॉडेलला आपण विचारू शकू की, भाऊ, तुझ्या हिशेबात आम्ही कुठे आहोत?

पुढच्या शिबिरात मी येईन तेव्हा मला भाषण करायचं नाही. तुम्ही पट मांडून ठेवा, मी बघायला येते.